पेन्सिलीचा ठिपका

हे सगळं घडलं ते दोन हजार पंचवीस सालच्या जानेवारीत, सव्वीस जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात. बुधवारी सकाळी सहाला हेमलताबाईंनी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. भुकूमच्या सह्यकुसुम सोसायटीचा तिसरा मजला. समोरासमोर दोन दारं, मधे जिना आणि लिफ्ट. समोरच्या दारावर, म्हणजे फहमिदाच्या दारावर, चौकटीच्या उजव्या अंगाला गेरूने 'ज. १७' असं लिहिलेलं होतं. अक्षरं अजून ओली होती. फहमिदाचा फ्लॅट तीनशे चार. सतराचा तिथे काही संबंध नव्हता. पण हेमलताबाई आकड्याकडे बघतच नव्हत्या, त्या सातच्या शेवटाकडे बघत होत्या. होडीचं टोक वर उचललेलं असावं तसा तो किंचित वर उचललेला होता. असा सात काढणारं एकच माणूस त्यांच्या ओळखीचं होतं, आणि ते माणूस म्हणजे त्या स्वतः. त्यांना भीती वाटली ती नंतर. आधी वाटलं ते असं, की कुणीतरी फार जुन्या ओळखीचं दारात येऊन उभं राहिलंय आणि आपल्याला नाव आठवत नाहीये. मग आतून फहमिदाच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली, तशा त्या भानावर आल्या. पदराचं टोक जिभेने ओलं करून त्यांनी चौकट पुसली, पुन्हा ओलं करून पुन्हा पुसली, आणि दूध घेऊन आत आल्या. बोटं लाल झाली होती. पुसल्यामुळे झाली, असं त्या मनाशी म्हणाल्या. गेरू भिजला की त्याला रिकाम्या रांजणाच्या तळासारखा वास येतो. तो वास दिवसभर त्यांच्या नखांत होता.

'ज' म्हणजे जनगणना. हे आता कुणाला सांगितलं तर हसतील. पण एकोणीसशे सत्तर साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पौडच्या शाळेतल्या नव्या बाई म्हणून त्यांना घरं मोजायला पाठवलं, तेव्हा डालड्याच्या रिकाम्या डब्यात कालवलेला गेरू आणि टोक चेचलेली बाभळीची काडी एवढंच सरकारी सामान होतं. दर घराच्या चौकटीवर नंबर घालायचा, वहीत लिहायचा, पुढच्या घरी जायचं. त्यांना ते काम आवडायचं. शाळेत पोरं पाटी पुसून टाकतात. हे मात्र पावसाळ्यापर्यंत टिकायचं. सोळा घरं झाल्यावर धरणाच्या काठाला, माले गावाच्या वरच्या अंगाला, एकटा बैठा बंगला होता. तो सतरावा. तिथे इलसाबाई राहायच्या. खरं नाव इल्से. व्हिएन्ना नावाच्या शहरातून एकोणचाळीस साली नवऱ्याबरोबर जीव वाचवून आलेली यहुदी बाई. नवरा डॉक्टर होता, पुण्यात दवाखाना चालवून वारला, आणि बाई इथे पाण्याकडे तोंड करून राहिल्या. सुती पातळावर लोकरीचं बटणवालं स्वेटर घालायच्या, आणि त्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत नेहमी ओल्या असायच्या. त्यांच्याकडे कामाला लीलाबाई होती, तिच्याकडूनच त्या मराठी शिकल्या, त्यामुळे निळ्या डोळ्यांची ती बाई तोंड उघडलं की पक्क्या मावळातली वाटायची.

"हितं कशाला रंगवतीस, पोरी?" त्यांनी विचारलं होतं.

"सरकारी नंबर आहे, मॅडम. मोजणीसाठी."

"मला नगं मोजूस. मी एकलीच तर हाय."

"आवो मडम," लीलाबाई आतून हसत म्हणाली, "तुमाला सोडून मोजलं तर गाव कमी भरंल की."

हेमलताबाईंनी सतरा लिहिलं. आठवड्याने तपासणीला गेल्या तर चौकट स्वच्छ. पुन्हा लिहिलं. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा त्या बांधावरून येत होत्या तेव्हा आधी आवाज ऐकू आला: काथ्याने लाकूड घासल्याचा, खस, खस, खस, मधेच पाणी ओतल्याचा, पुन्हा खस, खस. इलसाबाई गुडघ्यांवर बसून चौकट घासत होत्या. नंबर केव्हाच गेला होता, तरी घासत होत्या, लाकडाचे तंतू वर आले होते. हेमलताबाईंना तेव्हा राग आला होता. आपल्या अक्षराचा अपमान वाटला होता. लीलाबाईने त्यांना बाजूला नेलं आणि धरणाकडे बोट केलं. "त्यांच्या वाटंला जाऊ नगा, बाई. माजं गाव पाण्यात गेलं, पर मान्सं वर ऱ्हायली. मडमचं गाव हाय तितंच हाय, मान्संच न्हाईत." उन्हाळा होता, पाणी उतरलं होतं, आणि चिखलात बुडालेल्या गावाच्या भिंतींचे पाये चौकोन चौकोन दिसत होते, वहीत आखलेल्या रकान्यांसारखे. हेमलताबाईंनी चौथ्यांदा सतरा लिहिलं नाही, एवढंच.

माणसांची मोजणी झाली पुढच्या वर्षी, एकाहत्तरच्या मार्चमध्ये. तेव्हा नाव, वय, भाषा, धर्म सगळं विचारायचं होतं. शाळेच्या मोठ्या गुरुजींनी जाताना एक युक्ती सांगितली होती. ती सरकारी नव्हती, त्यांची स्वतःची होती. ज्या घरचं माणूस बाकीच्यांपेक्षा वेगळं निघेल, त्याच्या नावापुढे वहीत पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे बेरजेला चटकन सापडतं. हेमलताबाईंच्या त्या वहीत एकशे बारा नावं होती आणि ठिपका एकच होता. इलसाबाईंनी कोरा चहा दिला, धर्म विचारल्यावर "यहुदी. ल्ही" म्हणाल्या, आणि मग वही स्वतःकडे फिरवून घेतली.

"ह्यो कसला ठिपका?"

"काही नाही, मॅडम. तुम्ही जरा वेगळ्या म्हणून. मोजायला सोपं जातं."

हेमलताबाईंना आजही त्या खोलीतलं सगळं दिसतं: खिडकीतल्या बशीत वाळत घातलेल्या लिंबाच्या साली, भिंतीवरच्या घड्याळाचा थांबलेला लंबक, आणि ओल्या बाहीतून टेबलावर पडलेला पाण्याचा थेंब, जो वहीपर्यंत पोचतो की काय म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

"तुजं अक्षर लई चांगलं हाय," इलसाबाई म्हणाल्या. "त्याचंबी असंच व्हतं. आमच्या घरी आला व्हता मोजणीवाला. एकोणचाळीस साल, मे महिना. शाळंत शिकवायचा. माज्या बहिनीला, ट्रूडला, त्यानंच गणित शिकवलं व्हतं. आईनं काफी दिली. त्यानं येक येगळं कार्ड काढलं. चारी आजा-आजींचा धर्म त्यात ल्हियाचा व्हता. आईनं समदं खरं सांगितलं. वळखीचा मानूस, त्याच्यासंगं खोटं कशापायी बोलायचं? त्यानं शाई टिपकागदानं टिपली. हळूहळू. फासू नये म्हनून."

"मग?"

"मग काय. आमी दोगं ऑगस्टात निगालो. आई आन ट्रूड मागं ऱ्हायल्या, त्यांचं कागद व्हायचं व्हतं. बेचाळीसला दोगींना आगगाडीत घातलं. हजार मान्सं व्हती गाडीत. परत किती आली..." इलसाबाईंनी हात वर केला, बोटांकडे पाहिलं, आणि हात खाली ठेवला. "त्या कार्डावरनं नेलं का दुसऱ्या कुटल्या कागदावरनं, त्ये मला म्हाईत न्हाई. कदी कळायचंबी न्हाई. म्हनून मी समदंच धुती."

हेमलताबाईंनी पर्समधून खोडरबर काढला आणि त्यांच्यासमोर ठिपका खोडला. इलसाबाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं. "खड्डा ऱ्हायला," म्हणाल्या, पण हसल्या, आणि निघताना करवंदाच्या मुरंब्याची बरणी दिली.

ही गोष्ट हेमलताबाईंनी आयुष्यभर सांगितली. शाळेत, लग्नकार्यांत, मुलाला, आणि मग नात जुईलीला तर इतक्या वेळा, की ती लहान असताना "आजी, खोडरबराची गोष्ट" म्हणून मांडीत येऊन बसायची. आता जुईली स्वतः पिरंगुटच्या शाळेत नववीला इतिहास शिकवत होती, आजीजवळ राहत होती, आणि सत्तावीस जानेवारीला, ज्या छळछावण्यांत यहुदी मारले गेले त्यांच्या स्मरणदिनी, तिने आजीला वर्गात बोलायला बोलावलं होतं. "साठ लाख हा आकडा मुलांना कळतच नाही गं. त्यांना एक माणूस सांग. तुझी इलसाबाई सांग." मुलांनी पोस्टर केलं होतं, मोठा पांढरा खोडरबर आणि खाली 'द्वेष पुसून टाका'. जुईलीने मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा हेमलताबाई छान आहे म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

कारण गोष्ट तिथे संपत नव्हती. ती संपत होती त्या दिवशी संध्याकाळी, मालेहून पौडला येणाऱ्या यष्टीत. मोठे गुरुजी वही तपासणार होते. ठिपका नाही म्हणजे बाईंनी कुचराई केली असं झालं असतं. हेमलताबाईंनी मुरंब्याची बरणी मांडीत धरली, वही तिच्यावर ठेवली, आणि गाडीच्या हादऱ्यात ठिपका पुन्हा दिला. शोधावी लागली नाही ती जागा. पेन्सिलीचं टोक आपोआप जाऊन खड्ड्यात बसलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चोपन्न वर्षांत हळूहळू तेही बुडालं होतं, आणि त्याच्यावर नुसता खोडरबर तरंगत राहिला होता.

गुरुवारी सकाळी 'ज. १७' पुन्हा होतं. शुक्रवारी पुन्हा. आता हेमलताबाई दूध घ्यायला जाताना ओलं फडकंच घेऊन जात. कोण करत असेल हा विचार त्या करत नव्हत्या, हेच त्यांना स्वतःला विचित्र वाटत होतं. त्यांना एवढंच वाटे, की फहमिदाने बघायच्या आत पुसलं पाहिजे. आणि दुपारी, जुईली शाळेत गेल्यावर, आवाज यायचा. खस, खस, खस. मधेच पाणी. मोरीत जाऊन पाहिलं तर नळ बंद. बाल्कनीत जाऊन पाहिलं तर भुकूमच्या डोंगरावर वणवा लागून गेलेली काळी पट्टी, नव्या टॉवरांच्या क्रेन, आणि तुळशीची कुंडी. कुंडी दिवाळीत गेरूने रंगवली होती. उरलेला गेरू वाटीत वाळून बसला होता. त्यांना वाटत होतं, वाळून बसला असेल. शनिवारी बोट लावून पाहिलं तर तो मऊ होता.

रविवारी झेंडावंदन झालं, मुलांनी देशभक्तीपर गाणी म्हटली, जिलबी वाटली गेली, आणि क्लबहाउसमध्ये सोसायटीची सभा भरली. अध्यक्ष विश्राम, जळगावकडचा, हिंजवडीत नोकरी करणारा, चाळिशीतला, उत्साही माणूस. कुणाचं पार्सल आलं, कुणाची आई पडली, कुठेही पहिला धावणारा. लिफ्ट बंद असली की हेमलताबाईंची भाजीची पिशवी तोच वर आणून देई. डिसेंबरात तोच नवं कोरं रजिस्टर घेऊन आला होता. "आजी, फॉर्म पाठवला मोबाइलवर, निम्मे लोक भरतच नाहीत. तुम्ही गेलात तर नाही म्हणणार नाही कोणी. आणि तुमचं अक्षर! नाव, मूळ गाव, धर्म, घरात किती जणं, मालक की भाडेकरू. बस." आणि त्या आनंदाने गेल्या होत्या. शहाण्णव घरं, तीन आठवडे. निवृत्तीनंतर इतकं मोकळं वाटलं नव्हतं. प्रत्येक घरी चहा. फहमिदाने तर खारी आणून दिली होती, शेजारी बसून सगळं सांगितलं होतं: मूळ मंचरचे, जुनैद पिरंगुटच्या कारखान्यात सुपरवायझर, समीना नववीत, जुईलीताईंच्याच वर्गात, मार्चमध्ये भाडेकरार पुन्हा करायचा आहे. "लिहा आजी, जे विचारायचंय ते विचारा. तुमच्यापासून काय लपवायचंय?"

विश्रामने माइक घेतला. "सोसायटीचं वातावरण कौटुंबिक राहावं, अशी बऱ्याच सभासदांची इच्छा आहे. मार्चपासून भाडेकरार पुन्हा करताना आपण थोडं बघून करू. कुणावर आरोप नाही. मालकांशी मी बोलतो." मग हेमलताबाईंकडे वळून त्याने हात जोडले. "आणि यात आजींचे आभार मानले पाहिजेत. मी तर सांगितलंही नव्हतं, पण आजींनी वेगळी अशी जी अकरा घरं आहेत, त्यांच्यापुढे स्वतःहून खुणा करून दिल्या. नुसतं बघून लिस्ट तयार झाली." टाळ्या वाजल्या. हेमलताबाईंच्या हातात जिलबीची कागदी डिश होती. त्यांना ठिपके दिल्याचं आठवत नव्हतं. पण डिशमधल्या पाकात बुडालेलं त्यांचं बोट आपण होऊन खाली टेकत होतं, उचलत होतं, टेकत होतं, आणि त्यांना कळलं की बोटाला आठवतंय. एकाहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव, मतदारयाद्या, सगळीकडे. खाली मान घालून बसलेल्या फहमिदाचा त्यांना फक्त भांग दिसत होता.

सभा उठल्यावर विश्रामने त्यांना जिन्याजवळ गाठलं. "आजी, एक बोलू का? वाईट वाटून घेऊ नका." त्याने मोबाइल पुढे केला. तिसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं, शुक्रवारचं, पहाटे साडेपाचचं. पाठमोरी एक म्हातारी फहमिदाच्या दाराशी उकिडवी बसली होती. शेजारी वाटी. कोपर हलत होतं, थांबत होतं, हलत होतं. "लिहिताय की पुसताय, ते काही यात कळत नाही," विश्राम अगदी हळू म्हणाला. "वयाने होतं असं. माझ्या आजीचं झालं होतं. मी दाखवणार नाही कुणाला." हेमलताबाई बघत राहिल्या. त्या म्हातारीच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या दिसत होत्या. हेमलताबाई स्वेटर घालत नसत, शाल घेत.

"ते रजिस्टर मला परत दे," त्या म्हणाल्या. "मी ठिपके खोडते."

"द्यायला काय, घेऊन जा ना, आजी. पण ते केव्हाच शीटमध्ये घेतलंय. ठिपक्यांचा वेगळा कॉलमच केलाय."

त्या रात्री जेवताना जुईली तावातावाने सभेबद्दल बोलत होती आणि मधेच म्हणाली, "त्या खुणा तू नाही ना केल्यास? मग तो तुझं नाव का घेत होता?" हेमलताबाई म्हणाल्या, "उद्या वर्गात सांगते."

नववीचा वर्ग. भिंतीवर खोडरबराचं पोस्टर. तिसऱ्या बाकावर समीना, दोन वेण्या, शाईचा डाग पडलेली बाही. जुईलीने साठ लाखांबद्दल सांगितलं, नकाशा दाखवला, कायदे कसे एकेक करून आले ते सांगितलं: आधी नोकऱ्या, मग शाळा, मग बागेतली बाकं. मग म्हणाली, "आता आजी." हेमलताबाई उभ्या राहिल्या. इलसाबाई, धरण, सतरा नंबर, काथ्या, हे सगळं त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, आणि मुलं नेहमीसारखी हसली जेव्हा परदेशी बाई 'लई' म्हणाली, आणि गप्प झाली जेव्हा तिने बोटांकडे बघून हात खाली ठेवला. ठिपका खोडण्यापर्यंत त्या आल्या. मुलं पोस्टरकडे बघायला लागली. इथे थांबलं असतं तर टाळ्याच होत्या.

"मग मी यष्टीत बसले," हेमलताबाई म्हणाल्या, "आणि तो ठिपका पुन्हा दिला."

जुईलीच्या हातातला खडू तसाच राहिला. हेमलताबाईंनी सांगितलं की कुणी धाक घातला नव्हता. वाईट माणसं नव्हती, मोठे गुरुजी तर फार सज्जन होते. पण सवय लागली होती, आणि हात चांगला होता, आणि चांगल्या हाताला काम अर्धवट ठेववत नाही. "व्हिएन्नातला तो मास्तर राक्षस असेल असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटतं, तो माझ्यासारखा असेल. घरी जाऊन त्याने मुलांचे पेपर तपासले असतील. गेल्या महिन्यात मी आमच्या सोसायटीचं रजिस्टर लिहिलं. त्यात अकरा ठिपके दिले. या वेळी तर मला कुणी सांगितलंही नव्हतं."

तिसऱ्या बाकावरून समीना उभी राहिली. नियमाप्रमाणे आधी हात वर केला होता तिने.

"आजी, आमच्या नावापुढे आहे का?"

"आहे, बाळ."

समीना खाली बसली. वहीत काहीतरी लिहू लागली. काय ते हेमलताबाईंना दिसलं नाही, आणि पुढच्या सबंध तासात तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी त्यांनी फहमिदाची बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आत खोक्यांत भांडी भरलेली होती. जुनैदने मालकाशी फोनवर बोलून घेतलं होतं, मालक म्हणाला होता, मला काही अडचण नाही पण कमिटीशी वाद नको. फहमिदाने बसा म्हटलं, पण चहाचं विचारलं नाही. हेमलताबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी ठिपक्यांचं सांगितलं. समीनाने आधीच सांगितलं होतं. मग त्यांनी दारावरच्या आकड्याचं सांगितलं, म्हणाल्या, "कोण लिहीत होतं ठाऊक नाही. तू बघायच्या आत मी पुसत होते."

फहमिदाने त्यांच्याकडे प्रथमच सरळ पाहिलं.

"आजी, मी तिन्ही दिवस बघत होते. दाराच्या भोकातून. तुम्हीच यायचात. वाटी घेऊन. आधी लिहायचात, खूप सावकाश, जीभ दातांत धरून. मग आत जायचात, अर्ध्या तासाने दूध घ्यायला यायचात, आणि असं दचकायचात, जसं काही आत्ताच दिसलंय. मग पुसायचात."

हेमलताबाईंच्या कानात पाणी ओतल्याचा आवाज झाला. त्यांनी विचारलं, "मग दार का नाही उघडलंस, पोरी? मला हाक मारायचीस. हात धरायचास."

"तुमची भीती वाटली," फहमिदा म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, जसं साखर संपली म्हणावं. मग तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. पण हात लगेच मागे घेतला.

इलसाबाई त्र्याऐंशी साली गेल्या. त्यांना पुण्यात त्यांच्या लोकांच्या दफनभूमीत पुरलं. बंगल्याच्या जागी आता रिसॉर्ट आहे आणि चौकट कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. लीलाबाई त्यांच्यामागे सहा वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर जाऊन बसायची. मोठे गुरुजी आदर्श शिक्षक म्हणून सत्कार होऊन निवृत्त झाले. ट्रूडबद्दल आणि तिच्या आईबद्दल एक पत्र सेहेचाळीस साली आलं होतं, त्यात गाडी सुटल्याची तारीख होती आणि दुसरं काही नव्हतं. फहमिदा, जुनैद आणि समीना मार्चच्या पहिल्या आठवड्यात मारुंजीला राहायला गेले. अकरांपैकी सात घरं जूनपर्यंत रिकामी झाली, कुणीही भांडलं नाही. पुढे दहावीचं वर्ष म्हणून समीनाची शाळा बदलली नाही. ती बस बदलून येते. जुईलीशी बोलते, आजीबद्दल विचारत नाही. जुईली आठ दिवस आजीशी बोलली नाही, मग तिने ते पोस्टर उतरवलं. आता तो धडा ती आजीने परत आणून ठिपके खोडलेल्या सोसायटीच्या रजिस्टरपासून सुरू करते. मुलांकडून पानावरचे खड्डे बोटाने चाचपून घेते. विश्राम बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाला. तो अजूनही पिशवी वर आणून देतो.

हेमलताबाईंना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गेरूची वाटी जुईलीने फेकून दिली. रोज सकाळी त्या टेबलाशी बसून एक चिठ्ठी लिहितात, खाली जाऊन लिफ्टशेजारच्या फलकावर लावतात: 'या सोसायटीच्या रजिस्टरात अकरा नावांपुढे मी ठिपके दिले. त्यावरून घरं रिकामी झाली. हेमलता गोवंडे, तीनशे तीन.' दुपारपर्यंत कुणीतरी ती काढून टाकतं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा लिहितात. अक्षर आता थोडं हलतं. आणि चिठ्ठी घेऊन त्या सहाला दार उघडतात, तेव्हा समोरच्या दाराकडे बघत नाहीत. तिथे आता नवे लोक आलेत. आधी बाहेर येऊन, वळून, स्वतःच्या दाराची चौकट बघतात. तिच्यावर आजवर एकदाही काही लिहिलेलं सापडलं नाही. पण हात लावला की लाकूड ओलं लागतं, आणि त्याचे तंतू वर आलेले असतात.